पंचवीस दिवसांचा एक इंच

मी शिंपी. फैजपूरला, पिठाच्या गिरणीला लागून दुकान.
माणूस दारात आला की आधी त्याचा खांदा दिसतो मला,
नाव मागाहून आठवतं.
म्हणून डॉक्टर जेव्हा म्हणाले,
नस रोज एक मिलिमीटर वाढते,
मी मनातल्या मनात भागाकार उरकला:
पंचवीस दिवसांना एक इंच.
बगलेतल्या टाक्यापासून दंडातल्या स्नायूपर्यंत सहा इंच.
पाच महिने.
काज-बटण धरून सात-आठ.

कलावती लग्नाघरी मांडे करायची.
पुरणाचा उंडा दोन्ही हातांवर खेळवत,
मनगटावरून कोपरापर्यंत पसरत न्यायचा,
पलीकडचा दिवा त्यातून दिसला
की उपड्या खापरावर.
रावेरहून अशाच एका लग्नातून येताना
सावद्याच्या अलीकडे, ट्रॉलीतून पडलेला केळीचा घड
रस्त्यात.
मान एकीकडे गेली, खांदा दुसरीकडे.
मानेतून हाताकडे जाणाऱ्या नसा
मुळासकट.

गाडी मी चालवत होतो.
विचारणाऱ्याला ती सांगते, घड आडवा आला.
त्या वाक्यात मी नसतोच.

बोटं हलायची तिची. मूठही वळायची.
पण त्या बोटांना तोंडापर्यंत नेणारं कुणी नव्हतं.
नाशिकला डॉक्टरांनी बरगड्यांमधल्या तीन नसा काढल्या
आणि दंडातल्या मेलेल्या नसेला जोडल्या.
श्वासाच्या कामावरची माणसं
उचलून कोपराच्या कामाला लावली.
टाके किती बारीक, मी विचारलं.
दोरा केसाहून बारीक, ते म्हणाले.
मी माझ्या सुया आठवून गप्प बसलो.

मग अफरोजा तडवी, यावलची, व्यायाम शिकवणारी पोरगी.
दर महिन्याला दंडावर बोटानं टिचक्या मारत खाली यायची,
आणि कलावती डाव्या हातानं छाती दाखवायची:
"इथं झिणझिणलं."
मारलं दंडाला, वाजलं बरगडीत.
नस तिथवर पोचली म्हणायची अफरोजा.
मी निळ्या खडूनं खूण करायचो.
आंघोळीत खूण जायची. मापाच्या वहीत राहायची,
गोविंदा चौधरींची छाती बेचाळीस
आणि कुणाच्या तरी पोराची हाफ पँट यांच्यामध्ये:
कलावती, उजवा दंड, दोन इंच.
तीन.
साडेतीन.
एक महिना काहीच नाही.

आठव्या महिन्यात मिरची जळली. फोडणी मीच घातली होती.
ती खोकली,
आणि मांडीवर पडलेला हात
उडाला.
बोटभर असेल. आम्ही दोघं त्याच्याकडे बघत राहिलो,
घरात कुणाचं तरी पोर शिरावं तसं.
"असा काय पाहू राह्यला?" ती म्हणाली,
"अजून मिरची टाक."

त्यानंतर घरात श्वासाला मोल आलं.
पोटभर श्वास घेतला की कोपर वाकायचं,
सोडला की हात खाली.
पाण्याचा पेला ओठाला लावायचा तर
श्वास भरून धरायचा, आणि पाणी मग प्यायचं कसं?
दोनदा ठसका लागला. ठसक्यानं हात आणखी वर.
पदर भिजला, ती हसली, हसण्यानंही हात वर.
झोपेत उसासा टाकायची,
तेव्हा अंधारात कोपर हलायचं माझ्या कुशीला लागून.
कशासाठी उसासा, हे मी विचारलं नाही.

अफरोजा म्हणते, हळूहळू मेंदू शिकेल,
श्वास वेगळा, हात वेगळा.
थोडं शिकलाय. चहाचा कप जमतो.
मांडा नाही. परवा उंडा घेऊन बसली,
वितीएवढा झाला आणि फाटला. खाल्ला आम्ही तसाच.

आज तिचं पोलकं बेतायला घेतलं.
डावा दंड अकरा, उजवा नऊ.
नऊला मी टेप जरा सैल धरला. तिनं ओळखलं.
"खरं माप लिव्ह."
मग छातीचं.
गिऱ्हाइकाला मी नेहमी म्हणतो, श्वास सोडा.
तिला म्हणायला तोंड उघडलं
तर टेपचं दुसरं टोक
तिनं उजव्या हातानं वर उचलून धरलं होतं,
आणि श्वास चालला होता आपला,
त्याच्या त्याच्या वाटेनं.